कुर्डूचा मांडव

या, अशा सावलीला या. मांडवाच्या दारात उभं राहून सगळे आत डोकावतात, पायाशी काय आहे ते कुणी बघत नाही. जरा खाली बघा. मुहूर्तमेढीच्या शेजारी चार काड्या रोवल्यात ना, गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांच्या? वर जुन्या लुगड्याचं फडकं टाकलंय, मधोमध शिवलेलं? त्यावर पाय पडू देऊ नका म्हणजे झालं. मघाशी तो शहरातून आलेला डेकोरेशनवाला कचरा समजून ते उपटायला निघाला होता. त्याची तरी काय चूक! टेम्पो भरून फुलं घेऊन आलाय बिचारा, त्यातल्या निम्म्यांची नावं त्यालाही धड सांगता येत नाहीत. त्याला काय माहीत, माळशिंगीत आधी हा मांडव घालतात आणि मग त्याचा.

फूल ओळखलंत का? कुर्डू. हो हो, तेच, शेतातलं तण. पावसाळ्यात बाजरीत, भुईमुगात माजतं आणि बायका खुरप्यानं काढून बांधावर टाकतात. कोवळं असताना भाजी बरी लागते, एवढाच काय तो त्याचा मान. देवाला वाहत नाहीत, वेणीत माळत नाहीत, हारवाले विकत नाहीत. आणि येताना वेशीबाहेर काळ्या रानाच्या मधोमध एक पडीक तुकडा पाहिलात का, दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा? तो सगळा कुर्डूनं भरलेला. मालक आळशी आहे असं समजू नका हं. त्या तुकड्याला कित्येक पिढ्या कुणी खुरपं लावलेलं नाही. का ते सांगतो. अक्षतांना अजून अवकाश आहे, आणि आमचे भटजी वेळेवर आले तर मी माझं नाव बदलेन.

गोष्ट जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या आजोबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली. त्या काळी गावात भागाई गुरवीण राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. महादेवाच्या देवळाची झाडलोट, पूजेचा बेल, पत्रावळी लावणं आणि गावातल्या लग्नांची फुलं, ही सगळी कामं तिच्याकडे. हात रिकामा असला की दुसऱ्यांच्या रानात खुरपायलाही जायची. एका भादव्यात अशीच इंगवल्यांच्या बाजरीत बायकांबरोबर गेली होती. कुर्डू कंबरेएवढं वाढलेलं. बाकीच्या बायका मागं होत्या, आणि पुढं गेलेल्या भागाईला रडं ऐकू आलं. जाऊन बघते तर कुर्डूच्या दाटीत महिनाभराची मुलगी. तिनं तिला पदरात घेतलं, आणि मग कुणी किती समजावलं तरी खाली ठेवली नाही. रानातून वेचून आणली म्हणून नाव पडलं वेचू.

भागाईच्या पाठोपाठ तिथं पोचली ती शेताची मालकीण, इंगवल्यांची थोरली आई. तिनं त्या जागेवर नजर टाकली आणि मागून येणाऱ्या बायकांना तिथंच थांबवलं. म्हणाली, "एवढा तुकडा ऱ्हाऊ द्या. ह्याला खुरपं लावू नका." का, ते काही बोलली नाही. पुढच्या वर्षीही तेच म्हणाली, त्याच्या पुढच्याही. मरताना लेकाकडून तसं वचनच घेतलं. हा लेक म्हणजे दाजी इंगवले. ह्या दाजींना लक्षात ठेवा, पुढं ते फार छळणार आहेत.

वेचू वाढली ती फुलांतच. संध्याकाळी कुठली कळी तोडली की सकाळी बरोबर उमलते, शेवंती किती वेळ पाण्यात ठेवायची, कुठल्या आंब्याचे डहाळे घेतले की तोरण दोन दिवस हिरवं राहतं, हे तिला न शिकवता कळायचं. मुलगी बघून ती फुलं निवडायची. नवरी बुजरी असली तर मुंडावळ्या हलक्या, बारीक कळ्यांच्या, म्हणजे मान झुकून राहायला नको. लांबच्या गावी जाणारी असली तर तिच्या माहेरच्या परड्यातली चार फुलं वेणीत हटकून घालायची. आणि चोखंदळ तर इतकी, की दोन रंग शेजारी बसत नसले तर बांधलेलं तोरण सोडून परत गुंफायला बसायची. वऱ्हाड वेशीवर आलं तरी हिचं आपलं चाललेलंच!

पण लग्नात फुलांच्याही आधी लागतं ते देवक. तुम्ही शहरातली माणसं, विसरला असाल म्हणून सांगतो. प्रत्येक कुळाचं एक झाड असतं, नाहीतर वेल, नाहीतर फूल. कुणाचं उंबर, कुणाचं जांभूळ, कुणाचं कळंब. लग्नाआधी त्याची डहाळी वाजतगाजत मांडवात आणून बसवायची, तिची पूजा करायची, मग पुढचं कार्य. आणि ज्या दोन घरांचं देवक एक, ती भाऊभाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही.

ह्या डहाळ्या आणून द्यायचं कामही भागाईकडेच होतं. वेचू नऊ वर्षांची असताना एकाच दिवशी गावात दोन लग्नं निघाली, आणि पोरीनं उंबरवाल्यांच्या घरी जांभूळ नेऊन दिलं, जांभूळवाल्यांच्या घरी उंबर. पूजा निम्मी झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. मग काय विचारता! दोन्ही मांडवांत हलकल्लोळ. म्हाताऱ्या कपाळ बडवून घ्यायला लागल्या, की आमची पोर त्यांच्या घरची झाली हो! शेवटी दाजी इंगवल्यांना बोलावलं. बारा गावांतल्या कुठल्याही घराचं देवक त्यांना तोंडपाठ, आणि देवकाच्या बाबतीत माणूस भलताच कडक. त्यांनी डहाळ्या बदलून दिल्या, म्हाताऱ्यांना गप्प केलं, आणि रडून लाल झालेल्या वेचूला देवळाच्या पायरीवर शेजारी बसवलं.

"देवक म्हंजी नुसतं झाड न्हवं, पोरी," ते म्हणाले. "कवाकाळी ज्याच्या आडोशानं त्या कुळाचा मूळ माणूस वाचला, त्ये देवक. उंबरवाल्यांचा पूर्वज उंबराच्या ढोलीत लपला, म्हणून त्यांचा वंश ऱ्हायला. जांभूळवाल्यांचा जांभळं खाऊन दुष्काळात जगला. वाचवणाऱ्याला इसरू नये, म्हणून लग्नात पहिला मान त्याला."

वेचूनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग माझं देवक काय, दाजी?"

दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून गेले म्हणे.

त्या दिवसापासून वेचूचा हात देवकाच्या बाबतीत कधी चुकला नाही. सगळ्यांची देवकं तिला पाठ झाली. पण दुसऱ्याच्या घरी डहाळी नेऊन देताना तिच्या मनात दरवेळी तेच यायचं. सगळ्यांना कुणी ना कुणी वाचवलं होतं. आपल्याला मात्र कुणी तरी टाकलं, असं तिला वाटायचं, आणि हे ती भागाईलाही कधी बोलली नाही.

पोर मोठी झाली. पलीकडच्या शेरवडीचा महिपती गुरव लग्नांत सनई वाजवायला यायचा. ही वर शिडीवर तोरण बांधतेय आणि तो खाली बसून सनईची पत्ती ओली करतोय, असं कितीतरी मांडवांत झालं. एकदा तो खालूनच म्हणाला, "तू सारखी दुसऱ्यांच्या पोरी सजवतीस, मी दुसऱ्यांच्या वराती वाजवतो. एकदा आपल्याबी घरचं करू की!"

वेचूनं वरून झेंडूचं फूल नेम धरून त्याच्या पागोट्यावर हाणलं. त्यानं तो होकार धरला आणि घरी जाऊन बापाला सांगून टाकलं.

शेरवडीहून महिपतीचा बाप सटवाजी आणि थोरला चुलता राणबा बोलणी करायला आले. मुलगी पसंत, मुलगा पसंत, गूळ फोडला. गुळाचा खडा तोंडाकडे नेता नेता राणबानं सहज विचारलं, "तुमचं देवक कोणतं, भागाबाई?"

"कळंब," भागाई म्हणाली.

राणबानं खडा परत ताटात ठेवला. "आमचंबी कळंबच."

भागाईचं तोंड उतरलं. मग घाईघाईनं म्हणाली, "पण ती माझ्या पोटची न्हाई हो! रानात घावलेली पोर हाय, सगळ्या गावाला ठावं हाय."

"बरं मग, तिचं सोताचं कोणतं?" राणबानं विचारलं.

बघा कसा पेच पडला. भागाईची लेक म्हणावी तर वेचू महिपतीची बहीण ठरते, आणि लेक नाही म्हणावी तर ती कुणाचीच नाही. दाजींना बोलावणं गेलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा काहीतरी वाट काढेल. पोरीवर त्याचा जीव आहे. पण दाजी मान खाली घालून म्हणाले, "देवकाबिगर मांडव हुभा ऱ्हायचा न्हाई. आन दुसऱ्याचं देवक उसनं देता येत न्हाई. मी आजपतुर एका मांडवात खोटं देवक बसू दिलं न्हाई, हिच्यासाठीबी देणार न्हाई." सटवाजी भला माणूस. तो म्हणाला, पंधरा दिवस थांबतो. तोवर पोरीचं खरं देवक कळलं तर पुढच्या तिथीला लग्न, नाहीतर सोयरीक मोडली.

आता सांगा, ह्या दाजींना काय म्हणावं! पण तेही खोटे नव्हते. नियम सगळ्यांना सारखा, असं मानणारी माणसं असतात. त्यांना स्वतःलाही त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणतात.

वेचू फुलं शोधत डोंगरात हिंडायला लागली. सगळ्या गावाच्या लग्नांची फुलं जिनं निवडली, तिला स्वतःसाठी एक फूल सापडेना. कण्हेर खालच्या आळीची, रुई सुतारांची, केतकी ओढ्यापलीकडच्यांची. ज्याला हात लावावा त्याला आधीच कुणी तरी मालक. शेवटी कड्यावर रानजाईचा वेल दिसला, पांढऱ्या फुलांनी भरलेला. देखणा, आणि कुणाचाच नाही. ओटीभर फुलं घेऊन ती दाजींकडे गेली.

दाजींनी फुलं बघितली. "चांगली हायती. पर ह्यानं तुला कवा वाचवलं?"

खोटं तिच्या ओठावर आलं होतं. सांगितलं असतं एखादं, तर कोण पडताळायला जाणार होतं? पण जीभ उचलली नाही. ती फुलं तशीच ओटीत घेऊन घरी आली, उंबऱ्याच्या आत बसली आणि इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं.

"मला कुणीच वाचवलं न्हाई, आये. मला तणात टाकली. बांधावर तण टाकत्यात तशी टाकली. माझं कसलं आलंय देवक!"

टाकली हा शब्द ऐकला आणि भागाई ताडकन उठली. तिनं उतरंड खाली घेतली, अगदी तळातल्या मडक्यात हात घालून कापडाची एक घडी काढली आणि वेचूच्या मांडीवर टाकली. हिरव्या लुगड्याचा अर्धा तुकडा होता, तांबड्या काठाचा.

"टाकली म्हणू नगंस," ती म्हणाली. "आगं, तू उघड्यावर पडली न्हवतीस. कुर्डूचे चार दांडे तुझ्या भवती रोवले हुते, चार कोपऱ्यांला. वर ह्ये फडकं बांधलं हुतं. भर दुपार हुती, पर तुझ्या अंगाला उनाचा एक कवडसा लागला न्हवता. म्या आन थोरल्या आईनं ह्या डोळ्यांनी बघितलंय. जिला टाकायचं असतं ती बाई सावली करत बसती व्हय?"

"मग इतके दिस का न्हाई सांगितलंस?"

"तणाच्या मांडवाखालची पोर म्हणून चिडवतील, म्हणून भ्याले," भागाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आन तुझी आई सापडली तर तुला माघारी न्हेईल, म्हणूनबी भ्याले. खोटं कशाला बोलू!"

वेचूनं ते फडकं तोंडावर धरलं आणि पोटभर रडली. रडून झाल्यावर तशीच उठली आणि दिवसाढवळ्या, डोक्यावरचा पदर सावरायचं भान न ठेवता, इंगवल्यांच्या रानाकडे पळत सुटली.

मार्गशीर्ष लागलेला. रानातलं गवत वाळून पिवळं पडलं होतं, आणि खुरपं न लागलेल्या त्या तुकड्यात कुर्डू उभं होतं. दांडे वाळले होते, पण तुऱ्यांचा गुलाबी रंग तसाच. सगळ्या आयुष्यात वेचूनं हे फूल कधी तोडलं नव्हतं. ते फुलांत धरतातच कोण? ती खाली बसली, अगदी लहान मूल निजतं तेवढी खाली, आणि तुऱ्यांमधून वर बघितलं. आभाळ दिसत होतं, पण ऊन डोळ्यांत येत नव्हतं.

पंधराव्या दिवशी देवळासमोर सगळे जमले. वेचूनं कुर्डूची पेंढी आणून दाजींच्या पुढ्यात ठेवली. राणबा हसलाच. "तण? आमच्या मांडवात तण बसवायचं?" मागं उभे असलेले चार-दोन जणही फिदीफिदी करायला लागले.

वेचूनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "दाजी, ह्या पायरीवर बसून तुम्हीच मला सांगितलं हुतं. कुळाचा मूळ माणूस ज्याच्या आडोशानं वाचतो, त्ये देवक. माझ्या कुळाचा मूळ माणूस मीच हाय. आन मी ह्याच्या आडोशानं वाचले."

मग भागाईनं फडकं उलगडून दाखवलं आणि चार दांड्यांची सगळी हकिकत सांगितली. दाजी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचा कडकपणा गेला. "म्हंजी आईनं त्यो तुकडा..." एवढंच बोलले. दरसाल पेरणीच्या वेळी त्या तुकड्यावरून ते चडफडायचे, मेलेल्या आईच्या हट्टाला नावं ठेवायचे. त्यांनी कुर्डूचा एक तुरा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "बारा गावांत ह्याच्याइतकं खरं देवक मी बघितलेलं न्हाई. ज्याला हसायचं असंल त्यानं आधी आपल्या देवकाची साक्ष काढावी."

कुणी हसलं नाही. राणबा मात्र हटायला तयार नव्हता. "पर वाळकं फूल ह्ये. मांडवात टिकंल का?"

तेव्हा वेचू पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. फुलांच्या बाबतीत तिला शिकवायला निघाला होता तो! "काका, तुमच्या पागोट्यातली शेवंती दुपारी मान टाकंल. ह्ये हाय तसं ऱ्हाईल. लावा पैज!"

राणबानं पैज लावली नाही, आणि शहाणपणाच केला.

लग्नाच्या दिवशी दोन अडचणी होत्या. देवकाच्या पूजेला बसायला जोडपं लागतं, आणि भागाई एकटी. ही अडचण दाजींनीच सोडवली. बायकोला घेऊन पाटावर येऊन बसले. "रान आमचं, तवा रानात उगवलेली पोरबी आमचीच," म्हणाले. दुसरी अडचण अशी, की सगळ्यांचे मांडव सजवणारी पोर आज नवरी. मग हिचा मांडव कोण सजवणार? त्याचा घोर वेचूला होता, दुसऱ्या कुणाला नव्हता. उजाडल्यापासून बायका यायला लागल्या. जिच्या जिच्या लग्नात वेचूनं फुलं निवडली होती, ती ती बाई आपल्या परड्यातली ओंजळ घेऊन आली. झेंडू, शेवंती, जास्वंद, कण्हेर, अबोली, जिला जे सापडलं ते. कशाचा कशाला मेळ नाही, तोरणं वाकडीतिकडी. एरवी वेचूनं सगळं सोडून परत गुंफलं असतं. त्या दिवशी तिनं एका फुलाची जागा बदलली नाही, नुसती बघत राहिली.

तिनं स्वतः निवडलं ते एवढंच. मुहूर्तमेढीपाशी कुर्डूचे चार दांडे, तिच्या आईनं रोवले होते तसे, त्यांच्यामध्ये देवक मांडलेलं सूप, आणि वर ते हिरवं फडकं. पण सूप मोठं, म्हणून दांडे जरा लांब रोवावे लागले आणि फडकं पुरेना. ते मुळातच अर्धं. दोन कोपऱ्यांवर आलं आणि दोन उघडे राहिले. देवकावर ऊन पडायला लागलं. राणबा लगेच कुजबुजला, देवक उघडं पडलंय, लक्षण बरं नाही. भागाई आपला पदर फाडायला निघाली. वेचूनं तिचा हात धरला. "तिनं जेवढं दिलं तेवढं ऱ्हाऊ दे, आये. उरलेलं ऊन मला चालंल."

मंगलाष्टकं झाली. महिपतीला स्वतःच्या लग्नात सनई वाजवता येईना, तर अंतरपाटाआड त्याची बोटं सनई धरल्यासारखी आपोआप हलत होती म्हणे. अक्षता पडल्या, हार घातले, आणि जोडी देवकाच्या पाया पडायला मुहूर्तमेढीपाशी आली.

देवकावर ऊन नव्हतं. उघड्या राहिलेल्या दोन कोपऱ्यांवर दुसरं फडकं बांधलेलं होतं. तेच लुगडं, तोच तांबडा काठ. फक्त मडक्यात जपलेला भाग अजून हिरवागार होता आणि हा धुऊन धुऊन पार विरला होता, कुणीतरी रोज अंगावर बाळगल्यासारखा.

कुणी बांधलं, कुणालाच दिसलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष अक्षतांकडे. बारा गावच्या बायका मांडवात, कुणाला म्हणून विचारणार! दाजी तावातावानं शोधायला निघाले. भागाई वेचूला खेटून उभी राहिली. इतकी वर्षं जिला भीत आली, ती आज इथंच कुठं तरी उभी होती. वेचू मुंडावळ्या बाजूला सारून एकेक चेहरा बघत होती. शंभर चेहरे बघितले असतील. एकाही डोळ्यांत तिला जे हवं होतं ते सापडलं नाही, किंवा ते डोळे खाली झुकलेले असतील.

मग तिनं दाजींना थांबवलं. एका हातानं भागाईचा हात घट्ट धरला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"जी कुणी असंल, तिला मी काय बी इचारणार न्हाई. पर तिनं जेवल्याबिगर जाऊ नये!"

भागाईनंच पहिलं पान घेतलं. कुर्डूच्या मांडवाशेजारी मांडलं, स्वतःच्या हातानं वाढलं, वरून तुपाची धार सोडली, आणि म्हणाली, "आता कुणी हिकडं बघू नका रे." पंगतींवर पंगती उठल्या. दाजी त्या पानाकडे पाठ करून काठी घेऊन उभे राहिले, आणि जो मान वळवेल त्याच्यावर डोळे वटारत होते. दिवस कलल्यावर भागाईनं जाऊन बघितलं. पान जेवून, नीट दुमडून ठेवलं होतं. काही टवाळ म्हणतात, कुत्र्यानं खाल्लं असेल. खाल्लं असेल बाबा. पण कुत्रं पत्रावळ दुमडून ठेवत नाही.

वरात निघायच्या आधी भागाईनं सुईदोरा घेतला आणि फडक्याचे दोन्ही तुकडे एकमेकांना शिवून टाकले. हिरवा आणि विटका. ते वेचूच्या ओटीत घातलं, आणि मगच तिला सासरी जाऊ दिलं. पहिल्या बाळाच्या पाळण्यावर सावलीला तेच होतं, असं सांगतात.

झालं, एवढीच गोष्ट. तेव्हापासून माळशिंगीत हा रिवाज पडला. इंगवल्यांच्या रानात आता ट्रॅक्टर चालतो, पण आजही तो त्या तुकड्याला वळसा घालून जातो. ड्रायव्हर नवा असला तर मालक आधी हात धरून जागा दाखवतात. भादव्यात तिथून कुर्डू आणून प्रत्येक घरात आढ्याला टांगून ठेवतात. वर्षभर रंग सोडत नाही. लग्नाच्या सकाळी, डेकोरेशनवाल्याचा टेम्पो उघडायच्या आधी, नवरीची आई चार दांडे रोवते आणि आपल्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे शिवून वर घालते. बाकी फुलं मग कुठलीही निवडा, आमचं काही म्हणणं नाही. आणि जिला आईबाप ठाऊक नाहीत, कूळ ठाऊक नाही, अशी मुलगी लग्नाला उभी राहिली तर तिला इथं कुणी देवक विचारत नाही. तिचं कुर्डू.

आमचं कोणतं, म्हणता? आता एवढं ऐकून तेही सांगायला हवं का! शेरवडीचे कळंबवाले गुरव आम्ही, पुढं इकडं येऊन राहिलो. आजोबांच्या आजोबांची आजी होती वेचू.

ते बघा, भटजी आले. चला आत, अक्षता घ्या. अक्षता पडल्या की नवरी मुहूर्तमेढीपाशी येईल आणि मोठ्यानं हाक मारेल, दचकू नका. आजही पंगत बसायच्या आधी ती हाक पडते, आणि ह्या छोट्या मांडवाशेजारी एक पान वाढलेलं असतं. त्याच्याकडे बघायचं नाही. तुम्हीही कुणाकडून आलात, कुणाचे कोण, हे इथं कुणी विचारणार नाही. पण जेवल्याशिवाय जाऊ नका.